वेताळाच्या पूर्वकथेतील मोकळ्या जागा

अमेरिकी लेखक ली फॉक यांचा ‘फँटम’ हा नायक मराठी वाचकांना वेताळ या नावाने परिचित असून, १७ फेब्रुवारी १९३६ रोजी वृत्तपत्रांतून त्याची पहिली चित्रपट्टी प्रसिद्ध झाली, तेव्हापासून आजपर्यंत त्याच्या कथा अखंड चालू आहेत. इतक्या दीर्घ प्रवासात या नायकाची पूर्वकथा, म्हणजे तो कोण, कुठून आला आणि त्याने हे व्रत का घेतले यांची हकिगत, शेकडो वेळा सांगितली गेली. तरीही बारकाईने वाचणाऱ्या चाहत्याला तीत काही जागा मोकळ्या राहिलेल्या दिसतात, काही हिशेब जुळत नाहीत आणि काही धागे मध्येच सोडून दिलेले आढळतात. असे प्रश्न विचारणे हा फावल्या वेळचा चाळा आहे असे मानण्याची रीत असली, तरी हे प्रश्न नीट मांडले तर एखादी लोकप्रिय कथा कशी घडते, कोणत्या टप्प्यावर तिची दिशा बदलते आणि नवा भाग जुन्या भागाला कुठे सांधला जातो, हे जितके स्पष्ट दिसते तितके ते लेखकाच्या मुलाखतींतूनही दिसत नाही.

प्रचलित रूपातील पूर्वकथा थोडक्यात अशी आहे. ख्रिस्तोफर वॉकर नावाचा दर्यावर्दी कोलंबसाच्या ‘सांता मारिया’ जहाजावर पोरवयात खलाशी होता. पुढे कप्तान झालेल्या या माणसाचा मुलगा, त्याच नावाचा, १५१६ साली इंग्लंडमधील पोर्ट्‌समथ येथे जन्मला आणि वयाच्या विसाव्या वर्षी बापाबरोबर त्याच्या अखेरच्या सफरीवर निघाला. १७ फेब्रुवारी १५३६ रोजी सिंग टोळीच्या चाच्यांनी त्यांच्या जहाजावर हल्ला केला, पित्याचा खून मुलाच्या डोळ्यांदेखत झाला आणि तो एकटा वाहत किनाऱ्याला लागला. जंगलातील बांदार जमातीच्या लोकांनी त्याला वाचवले. काही काळाने त्याच किनाऱ्यावर त्याला पित्याचे कपडे अंगात असलेले एका चाच्याचे प्रेत सापडले, आणि त्या चाच्याच्या कवटीवर हात ठेवून त्याने चाचेगिरी, क्रौर्य व अन्याय यांच्या नाशासाठी आपले व आपल्या वंशजांचे आयुष्य वाहण्याची शपथ घेतली. पुढे मुलाने बापाचा मुखवटा चढवायचा ही परंपरा इतकी चोख पाळली गेली की, बाहेरच्या जगाला हा एकच अमर पुरुष वाटू लागला. आजच्या कथांचा नायक हा या परंपरेतील एकविसावा आहे.

ही हकिगत एका बैठकीत लिहिलेली नाही, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. वृत्तपत्रीय चित्रपट्टी म्हणजे रोज तीन-चार चौकटींत पुढे सरकणारी कथा. तिचे वितरण सिंडिकेट नावाची संस्था करते, म्हणजे एकाच लेखकाचा मजकूर ती अनेक वृत्तपत्रांना एकाच वेळी पुरवते. वेताळाची पट्टी ‘किंग फीचर्स सिंडिकेट’मार्फत जात असे, आणि २८ मे १९३९ पासून रविवारची स्वतंत्र रंगीत पट्टीही सुरू झाली. दर काही महिन्यांनी नवा वाचक कथेत येणार हे गृहीत धरून पूर्वकथा पुन्हा पुन्हा सांगावी लागे, आणि प्रत्येक वेळी तीत एखादा तपशील वाढे, एखादा बदले, एखादा गळे. मूळ पुरुषाचे आडनावही सर्वत्र एक नाही, कारण काही आवृत्त्यांत तो वॉकर नसून स्टँडिश आहे. जुन्या हस्तलिखितांचा अभ्यास करणारे ज्याला पाठभेद म्हणतात, म्हणजे एकाच मजकुराची परस्परांशी न जुळणारी रूपे, तोच प्रकार येथे आहे.

तारखेपासूनच सुरुवात करता येते. हल्ल्याचा दिवस १७ फेब्रुवारी १५३६ आणि पहिली पट्टी प्रसिद्ध झाली तो दिवस १७ फेब्रुवारी १९३६, म्हणजे दोहोंत बरोबर चारशे वर्षांचे अंतर आहे, आणि ते योगायोगाने आलेले नसून प्रकाशनाच्या दिवसावरूनच मागे मोजलेले आहे हे उघड आहे. मात्र इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत कायदेशीर नवे वर्ष २५ मार्चला सुरू होत असे, त्यामुळे पोर्ट्‌समथच्या तरुणाने त्या फेब्रुवारीतील दिवसाची नोंद इंग्रजी रिवाजाने केली असती, तर त्याने साल १५३५ असे लिहिले असते. कवटी गुहेत, म्हणजे वेताळाच्या जंगलातील निवासस्थानात, प्रत्येक पिढीने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या बखरींचे जाडजूड खंड ठेवलेले आहेत असे कथाच सांगते. त्यांतील पहिल्या पानावर कोणते साल असेल, हा प्रश्न म्हणूनच अस्थानी नाही.

पित्याविषयीचा तपशील अधिक रंजक आहे. वयाचा ताळा बसतो, कारण १४९२ मध्ये बारा-तेरा वर्षांचा असलेला पोरगा १५३६ मध्ये छप्पन-सत्तावन्न वर्षांचा असणार, आणि त्या वयातल्या कप्तानाने हीच शेवटची सफर असे ठरवणे स्वाभाविक आहे. अडचण जहाजाची आहे. ‘सांता मारिया’ २५ डिसेंबर १४९२ रोजी हिस्पॅनिओला बेटाजवळ जमिनीला लागून निकामी झाले. कोलंबस ‘नीना’ या लहान जहाजावरून परतला, आणि जागेअभावी ३९ माणसे त्या बेटावरील ला नाविदाद या वसाहतीत मागे ठेवण्यात आली. पुढल्या वर्षी कोलंबस परत गेला तेव्हा त्यांपैकी एकही जिवंत नव्हता. तेव्हा थोरला वॉकर ‘सांता मारिया’वर होता हे मान्य केले, तर तो परतणाऱ्यांत होता हेही मान्य करावे लागते, आणि एका किरकोळ पोराला ‘नीना’वर जागा कशी मिळाली याची एक संपूर्ण कथा तेथे लिहिण्याजोगी उरते.

त्याहून मोठी विसंगती हल्ल्याच्या ठिकाणी आहे. सुरुवातीच्या कथनात हा प्रसंग बंगालच्या दूरच्या किनाऱ्याजवळ घडतो आणि जहाज ब्रिटिश व्यापारी असते. परंतु १५३६ मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून हिंदी महासागरात येणारा युरोपीय मार्ग पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. इंग्रजी जहाजे या मार्गाने यायला सोळाव्या शतकाचे शेवटचे दशक उजाडावे लागले आणि ईस्ट इंडिया कंपनी तर १६०० सालची. हल्ला बंगालच्या उपसागरात व्हावा यात मात्र काही अशक्य नाही, कारण आराकानचे मग आणि त्यांच्याबरोबरचे पोर्तुगीज लुटारू यांनी सोळाव्या-सतराव्या शतकांत त्या किनाऱ्यावर खरोखरच उच्छाद मांडला होता. थोरला वॉकर कोलंबसाच्या काळापासून इबेरियन खलाशांत वावरलेला असल्याने तो पोर्तुगीज जहाजावर कप्तान असावा, असा निष्कर्ष चाहत्याने काढला तर तो मूळ कथेपेक्षा इतिहासाच्या अधिक जवळ जाईल.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, आणि तो कवटीचा आहे. पंचवीस-तीस शब्दांच्या त्या शपथेवर वीस पिढ्यांचे आयुष्य उभे आहे, शपथ कवटीवर उभी आहे, आणि ती कवटी पित्याच्या खुन्याचीच आहे याचा पुरावा काय, तर प्रेताच्या अंगावरचे कपडे. चाचे लूट वाटून घेतात. मेलेल्या कप्तानाचा अंगरखा आज एकाच्या वाट्याला येतो, उद्या तो जुगारात दुसऱ्याकडे जातो, परवा तिसरा तो चोरतो. त्यामुळे अंगावरच्या वस्त्रावरून खुनी ठरवणे हे कोणत्याही न्यायालयात टिकणारे अनुमान नव्हे. मुलाने खून होताना पाहिला होता, म्हणून त्याने चेहरा ओळखला असेल, असे उत्तर देता येते. पण प्रेत सापडले ते काही काळाने, समुद्रकिनाऱ्यावर, आणि ओळख पटल्याचे सांगताना कथा बोट ठेवते ते कपड्यांवरच. शिवाय त्या चाच्याला मारले कोणी, तो टोळीपासून वेगळा होऊन त्याच किनाऱ्याला का लागला, बांदारांनी त्याला मारले असेल तर त्यांनी ते पाहुण्याला का सांगितले नाही, यांपैकी एकाही गोष्टीचा उलगडा होत नाही.

ही मोकळी जागा कथेचा दोष मानण्याचे कारण नाही. कवटी दुसऱ्याच कोणाची तरी असू शकते ही शक्यता मनात धरून तो प्रसंग पुन्हा वाचला, तर वीस वर्षांचा, भाषा न समजणाऱ्या लोकांत एकटा पडलेला, बाप गमावलेला मुलगा आपल्याला हवी ती खात्री करून घेतो आहे हे जाणवते. शपथेचे शब्द पाहिले तर तीत कोणा एका माणसावर सूड उगवण्याची भाषा नाही, तर चाचेगिरी व अन्याय यांविरुद्धचा सर्वसाधारण निर्धार आहे, आणि सूड घ्यायचा तो माणूस आधीच मेलेला असल्यामुळे निर्धार तसा असणे भागही होते. फॉक यांनी सूडकथेची सगळी सामग्री जमवून सूडाचा धनीच आधी संपवला, आणि त्यामुळे एका माणसाच्या वैराचे रूपांतर वंशाच्या व्रतात झाले. पूर्वकथेतील हा सर्वांत कसदार क्षण आहे, आणि त्याचे बळ खुन्याविषयीच्या अनिश्चिततेतच आहे.

याउलट, जिमी वेल्सचा प्रश्न कथेच्या आतून सुटणारच नाही, कारण त्याचे उत्तर कथेबाहेर, लेखकाच्या टेबलावर आहे. १९३६ च्या पहिल्याच कथेत नायिका डायना पामर हिच्या ओळखीचा, तिच्यावर प्रेम करणारा, श्रीमंत आणि वरकरणी आळशी असा जिमी वेल्स नावाचा तरुण येतो. त्याच वेळी डायनाच्या मागे लागलेल्या चाच्यांना एक मुखवटाधारी पुरुष गाठत असतो. जिमी हाच दिवसा ऐषारामात लोळणारा आणि रात्री मुखवटा चढवणारा वेताळ आहे असे उघड करायचे, ही फॉक यांची मूळ योजना होती आणि नंतर त्यांनी ती स्वतः सांगितली. श्रीमंत निरुद्योग्याचे सोंग घेणारा नायक हा साचा १९०५ च्या ‘स्कार्लेट पिंपर्नेल’पासून आणि १९१९ च्या झोरोपासून वाचकांच्या परिचयाचा होता, आणि १९३९ मध्ये बॅटमॅनने तो कायमचा आपलासा केला. फॉक यांनी मात्र पहिली कथा चालू असतानाच विचार बदलला, नायकाला जंगलात नेले, त्याला चारशे वर्षांची वंशपरंपरा दिली, आणि जिमीविषयी तोवर पेरलेल्या सूचना तशाच सोडून दिल्या.

रोजच्या पट्टीत मागे जाऊन दुरुस्ती करता येत नाही, कारण कालचा अंक लोकांच्या घरी पोहोचलेला असतो. कादंबरीकाराने ती पाने फाडून टाकली असती आणि वाचकाला कधी पत्ताही लागला नसता. येथे योजना बदलल्याच्या खुणा छापील स्वरूपात शिल्लक आहेत. पुढच्या लेखकांनी एखादी पूर्वकथा नव्याने रचून जिमीचे कोडे सोडवावे अशी मागणी चाहते करतात. जुन्या विसंगतीचा अर्थ नंतर लिहिलेल्या कथेने बदलून टाकण्याची ही पद्धत अमेरिकी कॉमिक्समध्ये सर्रास वापरली जाते. या एका बाबतीत ती वापरू नये. जिमी वेल्स हा बॅटमॅनच्या तीन वर्षे आधीचा, अर्धवट राहिलेला बॅटमॅन आहे, आणि चित्रकथांच्या इतिहासाच्या दृष्टीने त्याचे अर्धवट असणेच मोलाचे आहे.

स्थळाचा प्रश्न असाच लेखनाच्या इतिहासात गुंतलेला आहे. सुरुवातीचा वेताळ आशियात राहतो. त्याच्या आसपास वाघ आहेत, चाच्यांचे नाव सिंग आहे आणि जमातीचे नाव बांदार असून, त्यामागे किपलिंगच्या ‘जंगल बुक’मधील माकडांच्या टोळीची सावली स्पष्ट दिसते. तरीही ही जमात मध्य आफ्रिकेतील पिग्मींप्रमाणे बुटकी आणि विषारी बाण मारणारी रंगवलेली आहे. साठच्या दशकात, आफ्रिकेतील देश एकामागून एक स्वतंत्र होत असताना, फॉक यांनी हा सगळा प्रदेश कोणतेही स्पष्टीकरण न देता आफ्रिकेत हलवला. बंगालचे बांगाला झाले, त्याला मावितान ही राजधानी मिळाली आणि लामांडा लुआगा हे लोकशाही मार्गाने निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष मिळाले. राष्ट्राध्यक्ष लुआगा हे पात्र त्या काळच्या अमेरिकी चित्रकथेत ज्या सन्मानाने रंगवले आहे, ते पाहता हा बदल स्वागतार्हच म्हटला पाहिजे. पण मग सिंग टोळी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर काय करत होती, आणि त्या जंगलात वाघ कुठून आले, हे प्रश्न मागे उरतात.

वंशाच्या गणिताकडे चाहते फार लक्ष देतात, पण तेथे फारसे कोडे नाही. १५३६ ते १९३६ या चारशे वर्षांत वीस वेताळ होऊन गेले, म्हणजे प्रत्येकाची कारकीर्द सरासरी वीस वर्षांची. विशी-पंचविशीत मुखवटा घ्यायचा आणि पंचेचाळिशीच्या सुमारास लढाईत मरायचे, असा हा हिशेब व्यवस्थित जुळतो. दर पिढीत मुलगाच कसा जन्मला, या प्रश्नाला फॉक यांनी सतराव्या वेताळाची बहीण ज्युली हिला भावाच्या जागी मुखवटा चढवायला लावून एक चांगले उत्तर दिले. एकविसाव्याचे १९७७ मध्ये डायनाशी लग्न झाले, १९७९ मध्ये त्यांना किट आणि हेलोइज ही जुळी मुले झाली, आणि तेव्हापासून पुढचा वारस कोण, ही चर्चा मुलीलाही धरूनच होते.

खरी मोठी मोकळी जागा बांदारांची आहे, आणि तिच्याकडे चाहत्यांचेही लक्ष उशिरा गेले. वेताळ मर्त्य आहे, बाप मेला की मुलगा येतो, हे रहस्य जगात केवळ याच जमातीला ठाऊक आहे. ते तिने चारशे वर्षे फुटू दिलेले नाही, आणि प्रत्येक पिढीतल्या वेताळाला पुरण्याचे व नव्याला उभे करण्याचे काम तिच्या साक्षीने झाले आहे. थोडक्यात, अमरत्वाचा हा देखावा बांदारांच्या मौनावर उभा आहे. तरी हे मौन त्यांनी का पाळले, याचे एकच उत्तर कथेत मिळते, आणि ते पहिल्या वेताळाच्या उपकाराचे आहे: बांदार वासाका नावाच्या बलाढ्य जमातीचे गुलाम होते, वासाकांच्या राक्षसदैवतासारखा वेश करून त्याने त्यांना सोडवले, आणि तोच वेश पुढे वेताळाचा पोशाख झाला. पण उपकार एका पिढीचा असतो. त्याची फेड वीस पिढ्या करत राहण्यामागे त्या समाजाचा स्वतःचा काही विचार, काही फायदा, काही वाद असणारच. एखाद्या पिढीत बांदारांनी नव्या वारसाला नाकारले होते काय, मुखवट्यामागचा माणूस कच्चा निघाला तेव्हा त्यांनी काय केले, कवटी गुहेतील बखरी जशा वेताळांनी लिहिल्या तशा बांदारांच्या तोंडी परंपरेत त्याच घटना कोणत्या रूपात आहेत, हे विचारण्याची वसाहतकाळात घडलेल्या त्या मूळ कथेला गरजच वाटली नाही. गोऱ्या माणसाने जंगलाचे रक्षण करायचे आणि जंगलातल्या माणसांनी कृतज्ञ राहायचे ही मांडणी आज कोणीही मुकाट्याने स्वीकारणार नाही, आणि वेताळावर मनापासून प्रेम करणाऱ्या वाचकाने तर हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा.

उत्तरे देण्याचा अधिकार कोणाचा, हाही मुद्दा आहे. फॉक यांनी १९३६ पासून १९९९ मधील मृत्यूपर्यंत, म्हणजे त्रेसष्ट वर्षे, ही पट्टी लिहिली. त्यांच्यानंतर ती इतरांनी पुढे नेली. स्वीडनमध्ये ‘फँटोमेन’ या नियतकालिकासाठी स्वतंत्र कथा लिहिणारी मंडळी आहेत, ऑस्ट्रेलियात फ्रू ही प्रकाशनसंस्था १९४८ पासून अंक काढते, आणि १९९६ च्या हॉलिवूडपटाने विसाव्या वेताळाच्या खुन्याची हकिगत आपल्या पद्धतीने बदलून घेतली. त्यामुळे एकाच प्रश्नाला तीन-तीन उत्तरे मिळतात आणि त्यांतले अधिकृत कोणते हे ठरवणारा आता कोणी नाही. अशा वेळी निरनिराळी रूपे शेजारी शेजारी ठेवून वाचणे हाच खात्रीचा मार्ग राहतो.

त्या रूपांतच मराठीही येते. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये मुंबईहून सुरू केलेली ‘इंद्रजाल कॉमिक्स’ ही मालिका १९९० पर्यंत चालली, आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत तिचे अंक निघत. भारतीय वाचकांच्या भावना दुखावू नयेत म्हणून संपादकांनी तीत बंगालशी मिळतेजुळते नाव बदलून डेंकाली केले, सिंग टोळीला सिंगा केले, आणि विसाव्या वेताळाला मारणाऱ्या रामा नावाच्या खलनायकाचे रामालू असे नामांतर केले. वृत्तपत्रातल्या आडव्या पट्ट्या पुस्तकाच्या पानात बसवताना चौकटींची काटछाटही झाली. म्हणजे मराठी वाचकाने बालपणी वाचलेली पूर्वकथा हा अमेरिकी मूळ संहितेपेक्षा निराळा, स्वतंत्र पाठ आहे, आणि तो मराठी अंकांतच सापडणार. हे अंक स्वस्त कागदावर छापलेले होते, पंचवीस-तीस पानांचे होते आणि रद्दीत जाण्यासाठीच जणू जन्मलेले मानले गेले. ग्रंथालयांनी ते क्वचितच जपले. ज्यांच्या घरी माळ्यावर, ट्रंकेत किंवा जुन्या कपाटात इंद्रजालचे मराठी अंक अजून असतील, त्यांनी ते रद्दीवाल्याला देऊ नयेत. स्वतःला ठेवणे शक्य नसेल, तर गावातल्या ग्रंथालयाकडे ते सोपवावेत.